नागपूर ते ब्रह्मा घाट : उन्हाळी प्रवासातला इंधनाचा हिशेब

महाराष्ट्रातून मोटारीने काशीला जाणाऱ्या बहुतेक गाड्या नागपूरवरूनच पुढे जातात. नागपूर, सिवनी, लखनादौन, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा, हनुमना, मिर्झापूर आणि वाराणसी असा हा साधारण साडेसातशे किलोमीटरचा रस्ता. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. तोवर हा सगळा पट्टा वाराणसी ते कन्याकुमारी या २,३६९ किलोमीटर लांबीच्या, देशातल्या सर्वांत लांब ‘सात नंबर’ महामार्गाचा भाग होता. आता त्याच वाटेवर ४४, ३४, ३०, १३५ आणि ३५ असे पाच क्रमांक लागतात. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

या वाटेने जाणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा मुक्काम गंगेकाठच्या उत्तरेकडच्या भागात, पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांच्या आसपास असतो. पेशवाईच्या काळात, अठराव्या शतकात, नारायण दीक्षित पाटणकर यांनी दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट बांधून घेतले आणि त्यांच्याभोवती दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती वाढली. नाना फडणवीसांचा वाडा याच भागात आहे. गौड सारस्वतांच्या काशी मठ संस्थानाचे मूळ स्थान ब्रह्मा घाटावर आहे, त्यामुळे गोवा आणि कोकणातूनही लोक इथे येतात.

शाळांना सुट्टी मे महिन्यात असते, म्हणून हा प्रवास नेमका वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात पडतो. विदर्भात पारा ४५ अंशांवर, रीव्याच्या पठारावर आणि पुढे गंगेच्या मैदानात लू, गाडीत पाच माणसे, डिकी गच्च आणि ए.सी. अखंड चालू. एरवी शहरात दिसणारा इंधनाचा खर्च इथे लागू पडत नाही. तो कशाने वाढतो आणि कुठे आवरता येतो, याचा हा क्रमवार हिशेब.

मायलेजचा आकडा

‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ या प्रश्नाला जाहिरातीतून मिळणारे उत्तर चाचणीकेंद्रातले असते. देशात गाड्यांची अशी तपासणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक म्हणजे पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. कंपन्या जो आकडा छापतात त्याची चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडीची चाके लोखंडी रुळांवर ठेवून ती ठरलेल्या वेळापत्रकानुसार जेमतेम वीस मिनिटे चालवली जाते. समोरून वारा नसतो, ए.सी. बंद असतो आणि सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगला. मे महिन्यातल्या नागपूर-जबलपूर रस्त्यावर तो मिळेल अशी अपेक्षा मात्र धरता येत नाही.

पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. बाकीची इंजिनाच्या उष्णतेत, धुरात आणि घर्षणात जाते. चाकांपर्यंत आलेली ऊर्जा चार ठिकाणी खर्च होते: हवा कापण्यात, टायर दबून पुन्हा फुगण्यात, चढ चढण्यात आणि ब्रेक लावून गमावलेला वेग पुन्हा मिळवण्यात. ए.सी.चा काँप्रेसर इंजिनावरच चालतो, तो पाचवा वाटेकरी. मायलेज सुधारण्याचा प्रत्येक खरा उपाय या पाचांपैकी कशाला तरी किंवा इंजिनातल्या नासाडीला हात घालतो. इंधनाच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या किंवा प्लगला जोडायची डबी यांपैकी कशालाच हात घालत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि बहुतेकांचा काही उपयोग नसल्याचे तिला आढळले.

आपल्या गाडीचे खरे मायलेज काढायला फुल टाकी ते फुल टाकी ही पद्धत पुरते. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिपमीटर शून्यावर आणायचा, चारपाचशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा नोझल बंद होईपर्यंत भरायचे आणि किलोमीटरांना लिटरांनी भागायचे. निघण्याआधी दोन-तीन आठवडे ही नोंद ठेवली, तर गाडीत काही बिघाड असल्यास तो आकड्यातच दिसतो. डॅशबोर्डवरचा सरासरीचा आकडा अंदाजापुरता असतो आणि बऱ्याचदा थोडा उदार असतो.

किलोमीटर प्रति लिटर हे माप एका बाबतीत फसवे आहे. साडेसातशे किलोमीटरच्या प्रवासात २० चे मायलेज २२ केले, तर साडेतीन लिटरही वाचत नाहीत. १० चे १२ केले, तर साडेबारा लिटर वाचतात. म्हणजे कमी मायलेजच्या जड गाडीत थोडी काळजीही मोठी बचत देते, आणि चांगल्या मायलेजच्या छोट्या गाडीत शेवटच्या थेंबासाठी जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नसतो.

टायर

तयारीचे सर्वांत स्वस्त काम हवेचे. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीच्या खांबावर एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसते. तिच्यावर दोन ओळी असतात: एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी पूर्ण भारासाठी. बहुतेक गाड्यांत पूर्ण भाराच्या ओळीत मागच्या टायरची हवा काही पौंडांनी जास्त सांगितलेली असते. काशीला निघालेल्या भरल्या गाडीला लागू पडते ती हीच दुसरी ओळ. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, भरायची हवा नव्हे.

हे आकडे थंड टायरचे असतात. पहाटे ३० अंशांत ३३ पौंड भरलेली हवा, टायर तापून आत ६० अंश झाले की ३७-३८ पौंड दाखवते. दुपारी टोलनाक्याजवळ हे पाहून घाबरलेला चालक हवा ३३ वर आणतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरमध्ये २८-२९ पौंडच उरतात. म्हणून तापलेल्या टायरची हवा कमी करू नये. हवा पाहायची ती निघण्याआधी, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नेमाने तपासली तर पंपावरची फुकटची हवा तेवढेच काम करते.

हवा कमी असल्याने इंधनाचा तोटा होतो, पण तो लोक समजतात तेवढा मोठा नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने दर पौंडामागे मायलेज सुमारे ०.२ टक्के घटते, म्हणजे पाच पौंडांना एक टक्का. खरा धोका उष्णतेचा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्यातून आतल्या थरांत उष्णता साठते आणि तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर शंभरच्या वर तासन्‌तास धावताना तो फुटतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने तिथे टायरांची तपासणी सुरू केली. घरीही ती करता येते. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुने होऊन कडेला बारीक चिरा पडल्या असतील, तर असा टायर उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

सर्व्हिसिंग करताना

गॅरेजमध्ये सांगायच्या कामांत काही इंधनाशी थेट जोडलेली असतात. पहिले म्हणजे चाकांचे अलाइनमेंट. सरळ रस्त्यावर स्टीयरिंग सोडले की गाडी एका बाजूला जात असेल किंवा टायर एका कडेनेच झिजत असेल, तर चाके थोडी तिरकी घासत चालली आहेत. दुसरे म्हणजे ब्रेक. ब्रेक फारसा न वापरता आठ-दहा किलोमीटर चालवून थांबावे आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एकच रिम बाकीच्यांपेक्षा खूप तापलेली असेल, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. त्या चाकाला इंजिन पुढे ढकलते आणि ब्रेक मागे धरतो. इंधन तर जातेच, शिवाय घाटात तोच ब्रेक दगा देऊ शकतो.

तिसरे म्हणजे इंजिन ऑइल. नव्या पेट्रोल गाड्यांना ०-डब्ल्यू-२० किंवा ५-डब्ल्यू-३० अशी पातळ ऑइले सांगितलेली असतात. ‘उन्हाळा आहे, जरा जाड ऑइल टाकू’ असा सल्ला मिळतो, पण कंपनीने सांगितलेल्या प्रतीऐवजी दुसरी वापरली तर एक-दोन टक्के मायलेज जाते. उन्हाळ्याचा विचार ती प्रत ठरवतानाच झालेला असतो. चौथे म्हणजे थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला तर इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचतच नाही आणि कॉम्प्युटर ते थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेपेक्षा खाली राहत असेल, तर ती आनंदाची गोष्ट नव्हे. कूलंट भरलेले आणि रेडिएटरच्या जाळीतली धूळ-किडे काढलेले असावेत, हे उन्हाळ्यात सांगायला नको.

डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनदिवा लागला असेल, तर त्याकडे काणाडोळा करून निघू नये. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला की इंजिनाला हवा-पेट्रोलचे प्रमाण कळेनासे होते, आणि एवढ्या एका दोषाने मायलेज ४० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. त्या मानाने एअर फिल्टरची कीर्ती मोठी आणि परिणाम छोटा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त जायचे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत कॉम्प्युटर हवेच्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो, त्यामुळे घाणेरड्या फिल्टरने मायलेज जवळपास तसेच राहते, फक्त ओढ कमी होते. फिल्टर बदलावा तो इंजिनाच्या आरोग्यासाठी.

सामान आणि कॅरिअर

वजनाचा नियम सोपा आहे: ४५ किलोंमागे सुमारे एक टक्का मायलेज. छोट्या गाडीत त्याहून थोडे जास्त. म्हणून वर्षभर डिकीत पडून असलेली जुनी बॅटरी, सिमेंटची अर्धी पिशवी, क्रिकेटचे साहित्य घरी ठेवून निघावे. स्टेपनी, जॅक आणि पिण्याचे पाणी मात्र काढू नये. मे महिन्यात रीवा ते हनुमना पट्ट्यात गाडी बंद पडली, तर त्या दहा लिटर पाण्याचे मोल कळते.

वजनापेक्षा सामानाची जागा महत्त्वाची. तेच ४० किलो सामान डिकीतून उचलून छपरावरच्या कॅरिअरवर नेले, की ते वाऱ्याला आडवे येते. छपरावरच्या मोठ्या पेटीमुळे शहरात २ ते ८ टक्के, साध्या महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि १०० च्या वरच्या वेगात १० ते २५ टक्के इंधन जास्त लागते, असे अमेरिकी ऊर्जा खात्याची मोजमापे सांगतात. आपल्याकडे पेटीऐवजी सुटकेसा रचून वर निळी ताडपत्री बांधतात. दोरी सैल पडून तिचा कोपरा फडफडायला लागला की तोटा आणखी वाढतो. कॅरिअर लावावेच लागले, तर सामान आडवे आणि सपाट, उंची कमी ठेवून बांधावे आणि ताडपत्री घट्ट आवळावी. परतल्यावर रिकामे कॅरिअरही काढून ठेवावे, कारण त्याच्या नळ्यासुद्धा वारा अडवतात.

वेग

सपाट, मोकळ्या महामार्गावर इंधनाचा सर्वांत मोठा खर्च हवा कापण्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ला तो १०० धरला, तर १०० च्या वेगाला तो १५६ होतो आणि १२० ला २२५. टायरचा विरोध वेगाने फारसा बदलत नाही. मध्यम आकाराच्या गाडीसाठी दोन्हींची बेरीज केली, तर ८० पेक्षा १२० वर प्रत्येक किलोमीटरला चाकांवर सुमारे ७० टक्के अधिक ऊर्जा लागते. वाढत्या भाराखाली इंजिन थोडे कार्यक्षम होते, म्हणून पेट्रोलमधली वाढ तेवढी दिसत नाही. तरी ती तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सहज असते.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची परवानगी आहे. पूर्ण ७०१ किलोमीटर त्या वेगाने गेले तर पाच तास पन्नास मिनिटे लागतात, १०० ने गेले तर सात तास. त्या सत्तर मिनिटांसाठी मध्यम गाडीला पाच-सात लिटर पेट्रोल जास्त मोजावे लागते. शिवाय टायर तापतात आणि चालक थकतो तो वेगळा. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे १९७८ साली स्थापन झालेली पीसीआरए, ताशी ४५-५५ हा सर्वांत किफायतशीर वेग सांगत आली आहे. चौपदरी महामार्गावर एवढे हळू चालणे व्यवहार्यही नाही आणि सुरक्षितही नाही. तिथे ८० ते ९५ च्या दरम्यान वरच्या गिअरमध्ये एकसारखे चालणे हा मध्यममार्ग.

एकसारखे या शब्दाला इथे महत्त्व आहे. भरलेली गाडी १,४०० किलोंची धरली, तर ताशी ९० च्या वेगातली तिची गतिज ऊर्जा ४३० किलोज्यूलच्या वर जाते. ब्रेक लावून गाडी थांबवली की ती सगळी ब्रेकच्या तव्यांत उष्णता होऊन संपते आणि पुन्हा ९० गाठायला पन्नास-पंचावन्न मिलिलिटर पेट्रोल जास्तीचे जाळावे लागते. अशा वीस थांब्यांना एक लिटरहून अधिक. पुढे टोलनाका, गतिरोधक किंवा वळण दिसले की लगेच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरमध्येच ओसरू द्यावी, म्हणजे ब्रेकची वेळ कमी येते. कटनी-मैहरच्या बाजूला गिट्टी-सिमेंटच्या ट्रकांची रांग असते. दोन ट्रकांच्या मधल्या फटीत घुसायचे, जोरात ब्रेक दाबायचा, पुन्हा गाडी पळवायची, या हौसेत महामार्गाच्या वेगात १५ ते ३० टक्के इंधन जाऊ शकते. टर्बोच्या छोट्या इंजिनात हा फरक जास्त जाणवतो. हलक्या पायाने ती इंजिने चांगले मायलेज देतात, पण अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबला की आतली हवा आणि पेट्रोल दोन्ही झपाट्याने वाढतात.

ऊन आणि ए.सी.

४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते, त्यामुळे उन्हाळ्यात हवा कापायला थोडी कमी ताकद लागते. पण हा फायदा ए.सी. खाऊन टाकतो. शहरातल्या छोट्या, रखडत जाणाऱ्या फेऱ्यांत कडक उन्हाळ्यातला ए.सी. मायलेज २५ टक्क्यांहूनही अधिक खाली आणू शकतो. महामार्गावर इंजिन एरवीच जास्त काम करत असल्याने हे प्रमाण बरेच कमी राहते.

ए.सी. बंद ठेवून काच उघडावी का, याचे उत्तर वेगावर ठरते. गावातून हळू जाताना काचा उघड्या ठेवून चालते. ८०-९० च्या वेगात उघड्या काचांतून आत शिरलेला वारा गाडीला मागे ओढतो आणि ए.सी.ची बचत तिथेच संपते. लू वाहत असताना लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांना उघड्या काचेत बसवणे हा बचतीचा मार्गच नव्हे. ए.सी. लावायचाच आहे, तर तो नीट वापरावा. उन्हात तापलेल्या गाडीत आधी चारही दारे मिनिटभर उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, पहिले अर्धा किलोमीटर काचा उघड्या ठेवाव्यात आणि मग ए.सी. लावून आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. तापमान १८ वर न ठेवता २४-२५ वर ठेवले, तर काँप्रेसरला उसंत मिळते. जेवणासाठी थांबताना ढाब्याच्या दारातल्या उन्हापेक्षा पन्नास पावलांवरची लिंबाची सावली निवडावी.

सर्वांत प्रभावी उपाय वेळेचा. पहाटे चार-साडेचारला नागपूर सोडले तर सिवनीचा घाट उन्हाआधी पार होतो, जबलपूर सकाळीच मागे पडते आणि ऐन दुपारचे दोन-तीन तास रीव्याच्या आसपास थांबता येते. मुक्काम करून दुसऱ्या पहाटे पुढे निघाले तर आणखी बरे.

चढ आणि उतार

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, सिवनी ६०० मीटरच्या वर, मिर्झापूर आणि वाराणसी ८० मीटरच्या जवळपास. खवासा ओलांडून पेंचच्या जंगलातून कुरईच्या घाटाने सिवनीला चढताना भरलेल्या गाडीला केवळ उंची गाठण्यासाठी अर्धा लिटर पेट्रोल लागते. इथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता खांबांवर उचलला आहे आणि चढ एकसारखा आहे. गिअर वेळीच उतरवून, इंजिनाला कण्हायला न लावता चढणे हे वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चढण्यापेक्षा स्वस्त पडते.

हनुमना सोडून उत्तर प्रदेशात शिरताच ड्रमंडगंजचा घाट लागतो. विंध्याच्या पठारावरून गाडी दोनशेहून अधिक मीटर खाली उतरते. इथे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडून देण्याची जुनी सवय दिसते. ती दोन्ही बाजूंनी चूक आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो आणि चाकेच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल सोडावेच लागते. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून धरेनासे होतात आणि किल्ली बंद केलेली असेल तर स्टीयरिंगही जड होते. म्हणून घाट तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा.

पंपावर

दर उन्हाळ्यात मोबाइलवर एक संदेश फिरतो: टाकी पूर्ण भरली तर उष्णतेने स्फोट होईल, म्हणून अर्धीच भरा. इंडियन ऑइलने हे खोटे असल्याचा खुलासा केला आहे. पेट्रोल प्रसरण पावते हे खरे, पण टाकीत त्यासाठी जागा सोडलेली असते. नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी दाबून भरू नये, एवढेच पथ्य. पहाटे भरलेले पेट्रोल दाट असते म्हणून जास्त मिळते, ही समजूतही पोकळ आहे, कारण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान दिवसभरात जवळपास बदलत नाही.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींत ६-७ टक्के, तर १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींत १-२ टक्के घट सांगितली आहे. गाडी आठ-दहा वर्षांची असेल आणि मायलेज थोडे उतरले असेल, तर प्रत्येक वेळी दोष गाडीतच शोधू नये.

दरांचा फरकही नोंदण्यासारखा आहे. गेल्या काही वर्षांत राज्यांच्या करांमुळे मध्य प्रदेशातले पेट्रोल उत्तर प्रदेशापेक्षा लिटरमागे बरेच महाग राहिले आहे. टाकी मोठी असेल तर नागपुरात भरून निघावे, वाटेत गरजेपुरते घ्यावे आणि हनुमना ओलांडल्यावर पुन्हा भरावे. सीएनजीची गाडी नेणाऱ्यांनी मधल्या टप्प्यात पेट्रोलची तजवीज ठेवावी. वाराणसीत मात्र सीएनजी सहज मिळतो. ब्रह्मा घाटासमोरून जाणाऱ्या अनेक नावाही आता डिझेलऐवजी सीएनजीवर चालतात आणि नमो घाटावरच्या तरंगत्या केंद्रावर गॅस भरतात.

काशीत पोचल्यावर

महामार्गावर सांभाळलेले मायलेज शहराच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये कोसळते. मोहनसरायकडून आत शिरले की रिक्षा, ई-रिक्षा, सायकली आणि माणसे यांच्यामधून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते. जागेवर उभे इंजिन ए.सी.सह तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते आणि किलोमीटर शून्य. थांबा अर्ध्या मिनिटाहून लांबणार असेल, तर इंजिन बंद करणे फायद्याचे ठरते. पुन्हा चालू करायला लागणारे पेट्रोल उभ्या इंजिनाच्या दहाएक सेकंदांएवढेच असते.

ब्रह्मा घाटापर्यंत गाडी जात नाही, हे आधी माहीत असले तर निम्मा त्रास वाचतो. ‘अजून थोडे पुढे जाऊन पाहू’ म्हणत चौकच्या गर्दीत शिरलेल्या गाडीला मागे फिरायलाही जागा उरत नाही. मैदागिनला टाउन हॉलच्या मैदानाखाली आणि बेनियाबागेत वाहनतळ आहेत. मैदागिनला गाडी लावून काळभैरवाच्या बाजूने गल्ल्यांतून चालत गेले की ब्रह्मा घाट फार दूर नाही. सामान जड असेल तर वाहनतळापासून हमाल करावा. काशीतल्या मुक्कामात गाडी तिथेच राहू द्यावी. दर्शनासाठी, सारनाथसाठी किंवा रामनगरसाठी रिक्षा, नाव आणि पाय यांनी जाणे वेळेच्या आणि इंधनाच्याही दृष्टीने स्वस्त.

परतीचा हिशेब

परतताना दोन गोष्टी उलट्या होतात. ड्रमंडगंजचा उतार आता चढ असतो आणि गाडीत गंगाजलाचे डबे, पितळी भांडी, बनारसी साड्यांचे गठ्ठे वाढलेले असतात. त्यामुळे येताना मायलेज जातानापेक्षा थोडे कमी पडले, तर त्यात नवल नाही. मैदागिनहून निघण्याआधी पहाटे थंड टायरची हवा पुन्हा एकदा पाहावी, कारण चार-पाच दिवस उभ्या गाडीची हवा थोडी उतरलेली असते.

सगळ्या उपायांची किंमत आणि फळ शेजारी मांडले, तर क्रम स्पष्ट दिसतो. सर्वांत वरती वेग आणि पाय, ज्यांना एक पैसाही लागत नाही. मग छपरावरचे सामान. मग इंजिनदिवा, अडकलेला ब्रेक आणि थर्मोस्टॅट असे दोष, जे असले तर मोठे नुकसान करतात आणि नसले तर त्यांच्यावर खर्च करण्याचे कारण नाही. त्यानंतर हवा, ऑइल, अलाइनमेंट आणि वजन, प्रत्येकी एखाद-दोन टक्क्यांची कामे. उदाहरणादाखल, कॅरिअर लादून, कमी हवेवर, ११० च्या वेगाने १४ चे मायलेज देणारी गाडी डिकीत सामान घेऊन, पूर्ण हवेवर, ९० च्या वेगाने १८ देऊ लागली, तर नागपूर ते वाराणसी या एका फेरीत जवळजवळ बारा लिटर पेट्रोल वाचते, आणि जाऊन-येऊन चोवीस. त्यासाठी नवी गाडी, नवे यंत्र किंवा महागडे पेट्रोल घ्यावे लागत नाही.